कांद्यासाठी बांधलं, आंब्याला लागलं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पेपरला पहिल्यांदाच पत्र लिहितोय, तेही मोबाईलवर, त्यामुळे शुद्धलेखन तुमच्या लोकांनी सांभाळून घ्यावं.

27 फेब्रुवारीला मराठी भाषा दिन झाला. तात्यासाहेब शिरवाडकरांचं म्हणजे कुसुमाग्रजांचं गाव म्हणून नाशिकमध्ये त्याचं कौतुक जरा जास्तच, आणि असायलाच पाहिजे, तुम्हीही पानभर छापलंत. दुसऱ्या दिवशी 28 ला विज्ञान दिन. रामन साहेबांनी 1928 साली त्या तारखेला शोध जाहीर केला म्हणून 1987 पासून आपण तो पाळतो. त्याची बातमी आतल्या पानावर, पोरांनी खायचा सोडा आणि व्हिनेगर टाकून केलेल्या ज्वालामुखीचा फोटो, आणि खाली पाहुण्यांच्या भाषणातलं वाक्य, की आपल्या शेतकऱ्यापर्यंत विज्ञान अजून पोचलेलंच नाही, सांगितलेलं तो ऐकत नाही म्हणून तो मागे राहिला. वाचता वाचता माझा चहा गार झाला. पाहुणे कोण ते महत्त्वाचं नाही, हे वाक्य मी गेली चोवीस वर्षं वेगवेगळ्या तोंडून ऐकतोय.

माझं पिंपळगाव बसवंतला कृषी सेवा केंद्र आहे. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं, नोकरी काही लागली नाही, मग वडिलांच्या ओळखीवर दुकान टाकलं. राहायला नाशिकला, रोज जाऊन येऊन. काउंटरच्या एका बाजूने कंपनीची पोरं, कृषी खात्याचे लोक आणि द्राक्षाचे सल्लागार येतात (हे एकराच्या हिशोबाने फी घेतात, गावात त्यांना डॉक्टरच म्हणतात), दुसऱ्या बाजूने शेतकरी. मधे मी. विज्ञान आणि समाजाचा संबंध म्हणतात तो माझ्याकडे उधारीच्या वहीत लिहिलेला असतो.

आता हे पत्र लिहायचं खरं कारण. माझी मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीत जेवताना तिने सांगितलं की पुढे एमएस्सी करणार नाही, विज्ञान आणि समाज यांच्या नात्याचाच अभ्यास करायचाय, असा विषय असतो, त्याला एसटीएस म्हणतात. आमच्या घरात जे व्हायचं तेच झालं. तिची आई म्हणाली याला जॉब लागतो का, मामा म्हणाला हे आर्ट्सवाल्यांचं आहे, तू सायन्सची ना, आणि मी काही बोललो नाही पण मनात म्हटलं दोन वर्षं फुकट. नाशिकमध्ये एचपीटी आर्ट्स आणि आरवायके सायन्स ही कॉलेजं एकाच आवारात आहेत, नावं पण एका दमात घेतो आपण, पण एका बाजूच्या पोराने दुसऱ्या बाजूचं काही शिकायचं म्हटलं की अख्खं घर दचकतं.

मग तिने मला मेंढ्यांची गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून जरा सविस्तर लिहितो.

1986 च्या एप्रिलमध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. तो किरणोत्सारी ढग फिरत फिरत मे महिन्याच्या सुरुवातीला इंग्लंडवर आला आणि कंब्रिया म्हणून डोंगराळ भाग आहे, मेंढपाळांचा, तिथे पावसाबरोबर सीझियम खाली पडलं. सरकारी शास्त्रज्ञ आधी म्हणाले काळजीचं कारण नाही. मग 20 जूनला तिथल्या मेंढ्या विकायला आणि कापायला बंदी घातली आणि सांगितलं तीनच आठवडे थांबा, तोवर सीझियम उतरेल. तीन आठवडे झाले, उतरलं नाही. बंदी वाढली, परत वाढली, आणि शेवटच्या काही वाड्यांवरची बंदी उठली कधी, तर 2012 साली. 26 वर्षं! चूक कुठे झाली, तर शास्त्रज्ञांनी जो हिशोब मांडला तो चिकणमातीचा होता. चिकणमाती सीझियमला धरून ठेवते, गवतात जाऊ देत नाही. डोंगरावरची माती वेगळी, कुजलेल्या पाल्याची, आंबट, ती सोडून देते, गवत ते परत ओढून घेतं, मेंढी गवत खाते, चक्र चालूच. निफाडच्या काळ्या रानाचा सल्ला चांदवडच्या मुरमाड रानाला दिला तर काय होतं हे आपल्याकडे शेतमजूरसुद्धा सांगेल, पण लंडनमधून आलेल्यांना ते कोणी विचारू दिलं नाही किंवा त्यांनी विचारलं नाही.

आणि पुढे तर कहर आहे. शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, सीझियम धरून ठेवावं म्हणून जमिनीवर बेंटोनाइट नावाची चिकणमाती पसरायची, वेगवेगळ्या प्लॉटमध्ये कमी जास्त, आणि कुंपण घालून मेंढ्या आत ठेवायच्या. मेंढपाळ सांगत होते की अहो डोंगरभर मोकळी चरणारी मेंढी कोंडली की खंगते, तुमचे आकडेच चुकतील. ऐकलं नाही. मेंढ्या खंगल्या, प्रयोग गुपचूप गुंडाळला. त्यात तिथून जवळच सेलाफिल्डचा अणुप्रकल्प, 1957 साली तिथे आग लागली होती आणि त्याची पूर्ण माहिती लोकांना वेळेवर दिली नव्हती. म्हणून लोक म्हणायला लागले हे सगळं चेर्नोबिलचंच कशावरून, तुमच्या प्रकल्पाचं जुनं पाप नसेल कशावरून. लँकेस्टर युनिव्हर्सिटीचे ब्रायन विन म्हणून प्राध्यापक या मेंढपाळांमध्ये जाऊन बसले, त्यांचं ऐकलं, आणि त्यावर जे लिहिलं ते आज जगात हा विषय शिकणारी पोरं वाचतात.

मी मुलीला म्हटलं, बाई गं, ही तर आपली 2010 ची गोष्ट आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी. खरड छाटणीनंतर वेलीचा शेंडा नुसता पळत सुटला तर काडीत घड तयार होत नाही, म्हणून वाढ रोखायला सीसीसी नावाचं संजीवक मारायचे, क्लोरमेक्वाट क्लोराइड. वर्षानुवर्षं मारायचे, सल्लागार लिहून द्यायचे, मी विकायचो, बिलं असतील अजून माळ्यावर. 2010 च्या सीझनला युरोपात आपले कंटेनर अडकले कारण तिथल्या तपासणीत द्राक्षात सीसीसीचा अंश सापडला. तिथली तेव्हाची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम. म्हणजे एक टन द्राक्षात 50 मिलिग्रॅम, चिमूटसुद्धा नाही भरत. इथे निघताना माल लॅबमध्ये पास होऊनच गेलेला, पण ज्या औषधांची तपासणी करायची त्यांच्या यादीतच सीसीसी नव्हतं! मशीन नव्हती असं नाही, यादीत नाव नव्हतं. आता यादी काही निसर्ग करत नाही, माणसं करतात, कुठल्यातरी खोलीत बसून. त्या खोलीत द्राक्ष बागायतदार असता तर तो म्हणाला असता की साहेब आम्ही हे पण मारतो, हे पण घ्या. एवढं सोपं होतं.

निफाडकडचे एक नाना माझे जुने गिऱ्हाईक, त्यांचा माल त्यात अडकला. मार्च संपता संपता दुकानात आले, बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, भाऊ, तू दिलं, डॉक्टरने लिहिलं, लॅबने पास केलं, मग चुकलं कोण? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांची त्या वर्षीची उधारी पुढे ढकलली, तेवढंच हातात होतं. त्या साली तोटा झाला तो ज्याने यादी केली त्याचा नाही झाला आणि ज्याने औषध बनवलं त्याचाही नाही झाला. शोध एकाचा, विक्री दुसऱ्याची आणि झालेल्या चुकीचं बिल तिसऱ्याच्या नावावर, आणि त्याच तिसऱ्याला आपण म्हणतो की याच्यापर्यंत विज्ञान पोचलं नाही. पोचलं होतं की! कंटेनरमधून युरोपापर्यंत पोचलं होतं.

मुलगी सांगते की या विषयात याला नाव आहे. लोकांच्या डोक्यात विज्ञान कमी पडतंय, ते भरलं की लोक आपोआप शहाणे होतील आणि विज्ञानावर विश्वास ठेवतील, या समजुतीला ते तुटीचं मॉडेल म्हणतात. 1985 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने लोकांना विज्ञान समजलं पाहिजे म्हणून मोठा अहवाल काढला, त्यातसुद्धा बरीचशी हीच समजूत होती म्हणे, आणि पुढच्या पंधरा वीस वर्षांत तिकडच्याच अभ्यासकांनी तिची पिसं काढली. मला हे लगेच समजलं कारण आमच्या धंद्यात हेच चालतं. द्राक्षाच्या पानाचा देठ लॅबमध्ये तपासायचा, रिपोर्टमध्ये झिंकची कमतरता आली की झिंक मारायचं, बोरॉन कमी आलं की बोरॉन. वेलीला चालतं ते. माणसाला नाही चालत, माणूस विचारतो कोण सांगतंय, मागच्या वेळेला काय सांगितलं होतं, आणि नुकसान झालं तर हा उभा राहील का. हे प्रश्न अडाणीपणाचे आहेत का? मी तर होलसेलवाल्याला रोज हेच विचारतो.

लासलगावचंच बघा. बीएआरसीने म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे कृषक नावाचं विकिरण केंद्र उभं केलं, 2002 साली. कोबाल्ट 60 चे गॅमा किरण कांद्याला थोडे दिले की त्याला कोंब येत नाही. विज्ञान शंभर टक्के खरं आहे, कांदा किरणोत्सारी वगैरे काही होत नाही, ज्यांना अजून ती भीती वाटते त्यांनी ती सोडावी. पण वीस वर्षं उलटून गेली आणि आमचा उन्हाळ कांदा अजून चाळीतच (कांदा साठवायची हवेशीर शेड) पडतो. आणि त्या केंद्रातून गेलं काय, तर हापूस! 2007 ला अमेरिकेने आपला आंबा परत घ्यायला सुरुवात केली, अट घातली की विकिरण करूनच पाठवा, आणि कोकणातला हापूस घाट चढून लासलगावला यायला लागला. कांद्याच्या गावात कांद्यासाठी बांधलेल्या केंद्रात आंबा, आणि बाहेर रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरची लाईन. आंब्यावाल्याला अमेरिकेचा दरवाजा उघडत होता, त्याला खर्च परवडला. कांद्यावाल्याचं गणित वेगळं. चाळीत कांद्याचं नुकसान तीन प्रकारे होतं, वजन घटतं, सडतो आणि कोंब येतो. किरण फक्त तिसऱ्यावर काम करतात, सडणं आणि घट थांबवायची तर वर कोल्ड स्टोरेज पाहिजे. शिवाय माल काढल्यावर ठराविक दिवसांत तिथे न्यायचा, परत आणायचा, गाडीभाडं दोनदा, हमाली दोनदा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, चाळीतला कांदा हातचा असतो, पोरीचं लग्न निघालं की काढ दहा क्विंटल, भाव चढला की काढ. तो दुसऱ्याच्या गोडाऊनला ठेवायला शेतकरी का कचरतो हे बाजार समितीत एक दिवस उभं राहिलं तरी कळतं. म्हणजे प्रश्न कोंबाचा आहे असं शास्त्रज्ञांनी धरलं, शेतकऱ्याचा प्रश्न भावाचा होता. मी बीएआरसीला नावं ठेवत नाही, त्यांना जो प्रश्न दिला तो त्यांनी सोडवला. पण प्रश्न कोणी दिला आणि कोणाला विचारून दिला, हे शोधायचं काम फिजिक्सवाल्याचं नाही, आणि निव्वळ अर्थशास्त्रवाल्याचं पण नाही. हेच ते माझी मुलगी शिकायचं म्हणते ते.

आता उलटं उदाहरण देतो, ज्ञान खालून वर कसं गेलं त्याचं. बोर्डो मिश्रण नाशिक जिल्ह्यात ज्याला माहीत नाही त्याने द्राक्ष खाऊ नये. फ्रान्समध्ये बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं येणारे जाणारे तोडून खायचे, म्हणून तिथले शेतकरी मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट, त्यात तांबं असतं) आणि चुना कालवून त्या वेलींवर शिंपडायचे, निळसर हिरवं दिसलं की चोराला वाटावं विष आहे. त्या काळात अमेरिकेतून डाऊनी हा द्राक्षाचा रोग आलेला (आमच्याकडे डावण्या म्हणतात) आणि बागा जळत चाललेल्या. मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या नजरेत आलं की बाकी बाग करपली पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्या आहेत. त्याने विचारलं, तपासलं, प्रयोग केले आणि 1885 ला जगाला सांगितलं. शोध त्याचाच, कबूल, पण बागेतून जाताना नुसतं भाषण ठोकून पुढे गेला असता तर?

हे मिश्रण आमचे आण्णा म्हणजे माझे वडील करायचे ते मी लहानपणी शेजारी उभं राहून बघायचो. एक टक्क्याचं म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. मोरचूद रात्रीच फडक्यात बांधून प्लास्टिकच्या टाकीत लोंबकळत सोडायचा, लोखंडी भांडं अजिबात नाही, चुना वेगळ्या बादलीत विरवून गाळून घ्यायचा, आणि सकाळी दोन्ही ओतताना काठीने ढवळत राहायचं. रंग आभाळासारखा झाला की आण्णा कमरेचा विळा काढायचे, घासून चकचकीत केलेला, आणि पातं मिश्रणात बुडवून धरायचे थोडा वेळ. बाहेर काढल्यावर पात्यावर तांबूस थर चढलेला दिसला तर म्हणायचे चुना कमी पडला, पान जळेल, टाक अजून मूठभर. थर नसला तर पंपात भर. आण्णा सातवी पास. मी बीएस्सीला गेल्यावर समजलं की मोकळं तांबं लोखंडावर बसतं, त्याची रिअ‍ॅक्शन मी परीक्षेत लिहिली आणि चार मार्क मिळवले, आणि घरी येऊन आण्णांना सांगितलं तर ते म्हणाले बरं, मग आता विळा नीट धुवून ठेव. आजही कितीतरी लोक पीएच पेपर न वापरता विळाच बुडवतात, आणि मी त्यांना हसत नाही.

पण संपादक साहेब, याची दुसरी बाजू पण लिहिली पाहिजे नाहीतर लोक म्हणतील हा शेतकऱ्याची आरतीच करतोय. माझ्याकडे महिन्याला एक तरी माणूस बिनलेबलच्या बाटल्या घेऊन येतो, टॉनिक आहे, मण्याची साईज वाढते, शुगर वाढते, आणि आत काय आहे विचारलं की म्हणतो भाऊ, सायन्सला सगळंच कळतं असं नाही. हे वाक्य ऐकलं की मी बाटली परत देतो. विज्ञानाला प्रश्न विचारणं वेगळं आणि विज्ञानाच्या नावाने काहीही खपवणं वेगळं, आणि या दोघांतला फरक ओळखायलाच हा अभ्यास पाहिजे असं माझं मत आहे. 2021 ला आपल्या नाशिकमध्ये 94 वं साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष जयंत नारळीकर, तब्येतीमुळे ते येऊ शकले नाहीत याची चुटपुट मला अजून आहे. एका शास्त्रज्ञाला मराठी माणसाने साहित्याच्या खुर्चीत बसवलं ही केवढी गोष्ट आहे. त्याच नारळीकरांनी ज्योतिषाची चाचणी घेतली होती, शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवून, ज्योतिषांना म्हटलं ओळखा कोणती कुणाची. 27 जणांनी उत्तरं पाठवली आणि 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर 50 आली असती! मला या चाचणीत आवडलं ते हे की त्यांनी ज्योतिषांना शिव्या नाही दिल्या, त्यांना बोलावलं आणि त्यांचा दावा त्यांच्याच हाताने तपासायला लावला.

आणि तपासल्याशिवाय अंधश्रद्धा म्हणू नये याचं पण उदाहरण माझ्याकडे आहे. कापूसवाले अमावस्येच्या आसपास फवारणी करतात, शहरातले हसतात. पण अंधाऱ्या रात्री बोंडअळीचे पतंग जास्त अंडी घालतात म्हणून अमावस्येच्या आगेमागे फवारा असं कृषी खात्याचे लोकसुद्धा सांगतात. आता त्याच अमावस्येला नवीन ट्रॅक्टर घ्यायचा नाही असं तोच माणूस म्हणतो, ते मात्र मी हसण्यावारी नेतो. एकच तिथी, एकच माणूस. कुठे हसायचं आणि कुठे वही काढायची हे शिकवणारं कोणी पाहिजे ना.

जमतं ते कसं जमतं तेही आपल्याच जिल्ह्यात आहे. दिंडोरीकडचं वाघाड धरण, कागदावर सगळ्यांना पाणी, प्रत्यक्षात शेपटाकडच्या गावांना चारीत (शेतापर्यंत येणारा छोटा कालवा) नुसतं गवत. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापूसाहेब उपाध्ये आणि मंडळींनी, 1990 च्या सुमारास शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या, पाणी मोजून घ्यायचं आणि आपसात वाटायचं. इंजिनियर घनमीटरमध्ये बोलणार, शेतकरी तासात आणि पाळीत बोलणार, ती दोन मापं एकमेकांना समजावता समजावता वर्षं गेली. 2003 ला सगळ्या वाघाड प्रकल्पाचंच पाणी संस्थांच्या हातात आलं. बागलाण कळवणकडे तर फड पद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, बंधाऱ्याचं पाणी पाटकऱ्याने पाळीने फिरवायचं. या दोन्हीवर इंजिनियरिंगच्या पोरांना आपल्याच जिल्ह्यात किती शिकवतात कोण जाणे, माझ्या भाच्याला तरी दोन्ही नावं माहीत नव्हती आणि तो सिव्हिलचा.

आणि आता सिंहस्थ आलाय तोंडावर. रामकुंडात डुबकी मारणाऱ्याला ते तीर्थ आहे, बाटली भरून नेणाऱ्या तपासनिसाला ते बीओडी आहे, म्हणजे पाण्यातली घाण मोजायचं माप, आंघोळीच्या पाण्याला लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या वर नको असा नियम आहे. माझी आई दोन्ही ऐकते, मान हलवते आणि तरी डुबकी मारते, फक्त हल्ली घरी येऊन परत अंघोळ करते. तिच्यात कुठलं भांडण नाहीये बरं का! कुंडाच्या तळाचं काँक्रीट काढायचं की ठेवायचं यावर इतकी वर्षं वाद चाललाय, त्यात इंजिनियर, पुरोहित, पर्यावरणवाले, कोर्ट सगळे आले. एवढा जिवंत विषय गोदाघाटावर पडलेला असताना आपल्या पोरांनी तो शिकायला दिल्ली गाठायची? तिकडे जेएनयूमध्ये विज्ञान धोरणाचं केंद्र आहे, सरकारची विज्ञान संवाद आणि धोरणावरची एनआयएससीपीआर म्हणून संस्था आहे 2021 पासून, एडिंबरोला तर 1966 पासून हा विषय आहे. गंमत म्हणजे आपली मराठी विज्ञान परिषद पण 1966 चीच. त्यांनी विज्ञान मराठीत आणलं, फार मोठं काम, आमच्या पिढीने त्यांचंच वाचलं. पण विज्ञान लोकांना सांगणं झालं, लोक विज्ञानाला काय सांगतात ते लिहून घेणारं इथे कोणी नाही.

नाशिकमध्ये मुक्त विद्यापीठ आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, दिंडोरी रोडला मेरी आहे जिथे धरणांचं संशोधन चालतं. तिघांचे रस्ते द्वारकेच्या सिग्नलला भेटत असतील तेवढेच. माझी मागणी मोठी नाही. डिपार्टमेंट, बिल्डिंग, उद्घाटन काही नको. एक पेपर ठेवा, शंभर मार्कांचा, डॉक्टर होणाऱ्याला, इंजिनियर होणाऱ्याला आणि कृषीच्या पोरालाही, आणि त्यातले निम्मे मार्क एका महिन्याच्या वहीचे. महिनाभर बाजार समितीत, नाहीतर पीएचसीच्या ओपीडीत, नाहीतर चारीवर बसायचं आणि सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं आणि लिहायचं. सल्ला द्यायचा नाही हे सगळ्यात अवघड जाईल पोरांना, मला आधीच माहितेय.

आमच्या लेकीने सुरुवात केलीय. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस माझ्या काउंटरला बसली. औषधाच्या डब्यात घडी घातलेलं माहितीपत्रक असतं, सोळा घड्या, मुंगीएवढी अक्षरं, त्यात काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची ते लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक ते उलगडतं, लांब धरतं, जवळ धरतं आणि मला परत देतं, मग मी मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचून दाखवतो. चोवीस वर्षांत मला यात काही वेगळं वाटलं नव्हतं. तिने वहीत लिहिलं, आठ दिवसांत अमुक इतक्या लोकांनी पत्रक उघडलं, त्यातल्या इतक्यांना वाचता आलं, आणि खाली रेघ मारून लिहिलं, हे कोणासाठी छापलंय? तिचा पुढचा फॉर्म मी भरलाय, फी पण भरली. तिची आई अजून जॉबचं विचारते, मीही कधी कधी विचारतो, खोटं कशाला बोलू.

पत्र फार लांबलं. जागेप्रमाणे कापा, माझी हरकत नाही, रामकुंडाचं काढलं तरी चालेल. फक्त विळ्याचं तेवढं ठेवा, आण्णांना वाचून दाखवायचंय.

आपला,
एक कृषी सेवा केंद्रवाला,
पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक